डोळ्यांतली हळद

माझ्या भावाला भुताखेताचे सिनेमे आवडायचे आणि मला ते बघताना झोप यायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की सिनेमा बघून पोरगी भेदरली. मी तेव्हा भेदरले नाही. नंतर भेदरायला पाहिजे होतं, तेव्हाही नाही.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा डोंगरकड्याच्या अलीकडं. घरात आम्ही गोरमाटी बोलतो. आईला याडी म्हणतो आणि मोठ्या भावाला भिया. हे दोन शब्द मी तसेच ठेवते, कारण त्या दोघांना मी दुसऱ्या कुठल्या नावानं कधी हाक मारली नाही. बाकी सगळं मराठीत सांगते. वडील मी लहान असतानाच गेले होते. घरात आम्ही तिघंच, आणि विहिरीच्या पाण्यावरची हळद.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. भिया बारावीला आपटला आणि नांदेडहून जुना रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन आला. बारसं असो, जावळ असो, लोक व्हिडिओ ठरवायचे. भिया टीव्ही गोधडीत गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधायचा आणि स्वतः पायी चालत न्यायचा. लेकराला नेतात तसा. बाहेरचं काम नसलं की आमच्याच पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी सिनेमा. उजेड येऊ नये म्हणून दाराला पोती लावायची. शेडमध्ये हळदीचे ढीग, त्यावर माणसं बसलेली, आणि मधेच लाईट गेली की सगळे बाहेर येऊन बिड्या ओढत उभे.

एका वर्षी, ऐन हळदीच्या दिवसांत, त्यानं एक कॅसेट आणली. तिच्यावर नाव नव्हतं. दुकानदार म्हणाला होता, रक्त पिणाऱ्या माणसाचा सिनेमा आहे. तेवढ्यावर आख्खा तांडा जमला.

सिनेमा कुठल्या तरी थंड मुलखातला होता, हिंदी आवाज भरलेला. त्यात ना सुळे, ना काळा झगा, ना वटवाघूळ. तळ्याकाठी एक खानावळ, ती चालवणारा म्हातारा आणि त्याची बायको. एक वाटसरू म्हाताऱ्याला अमर व्हायचं औषध देऊन जातो. अट एकच. मधूनमधून माणसाचं रक्त प्यावं लागेल, आणि ते मागून घ्यायचं, हिसकावायचं नाही. समोरच्यानं राजीखुशीनं दिलं तरच लागू पडणार. दुसरं कोण देणार? बायकोच देते. रोज सकाळी ती त्याला खिडकीपाशी उभं करते, अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढते आणि डोळा बघते. डोळा पांढरा असला तर काही नाही. पिवळा झाला की रक्ताची वेळ झाली. मग ती बाही वर करते आणि चहाच्या कपात त्याला देते. तो आहे तसाच राहतो. ती मात्र वाळत जाते.

आमच्या लोकांना भीती वाटावी म्हणून भियानं मुद्दाम आवाज मोठा ठेवला होता. तर तांड्याचा नाईक पुढून म्हणाला, "कच्चंच पिऊन राहिला की हा. मीठ न्हाई, मिरची न्हाई."

शेडमध्ये हसू फुटलं. आमच्यात बकरं पडलं की त्याचं रगत वाया घालवत नाहीत. मसाला घालून मटणात शिजवतात, त्याला सळोई म्हणतात. सणाला सळोई नसली तर पाहुणे तोंड वाकडं करून जातात. तेव्हा कपातलं रक्त बघून भिणार कोण? बायका त्या बाईवर चिडल्या होत्या. एक जण म्हणाली, "येडी हाय का ही? हिला कोण देणार आता?" मला तर डुलकी लागली होती.

शेवटी बायको अंथरुणाला खिळते. म्हातारा खिडकीशी उभा. ती हात वर करते, पण हात त्याच्या डोळ्यापर्यंत पोचत नाही. आणि तिथंच खर्रकन पडद्यावर बँड वाजायला लागला. कोणी तरी कॅसेटच्या शेवटी आपल्या घरचं लग्न भरून घेतलं होतं. नवरदेव घोड्यावर, करवल्या नाचताहेत. भियानं व्हीसीआरच्या डोक्यात चापट मारली. कॅसेट पुढं नेली, मागं आणली. लग्नच. उठून कोणी गेलं नाही, आम्ही ते लग्नही शेवटपर्यंत बघितलं. जेवणाच्या पंगतीपर्यंत.

भियाच्या डोक्यातून तो सिनेमा जाईना. हळद घोळायचा ढोल फिरवताना, कढईची वाफ लागताना, त्याचं एकच. "पुढं काय झालं असंल? मरतो का न्हाई शेवटी?"

"अमर हाय ना तो? मग कसा मरंल?" मी म्हणायची.

"पण रगत देणारी गेली ना."

"मग उपाशी मरंल."

"उपाशी मरंल तर अमर कसला?" ते बराबरच होतं. मग तो म्हणायचा, "मला दिलं असतं ना ते औषध, मी एका घोटात पिलो असतो. मला लई जगायचंय, बाई." घरात मला बाईच म्हणायचे. आणि हे त्यानं असं म्हटलं, जसं कोणी म्हणतं की मला अजून एक भाकर दे.

"आणि तुला रगत कोण देणार?"

"तू."

"मी काहून देऊ?"

"देशील," तो म्हणाला. त्याला खात्री होती.

हळदीचं घर ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. काढणीपासून पॉलिशपर्यंत माणूस पिवळा असतो. कढईत हळद शिजते तेव्हा वाफ अंगावर, वाळवण उलटताना तळवे पिवळे, आणि ढोलात घालून घोळायला लागलं की पिवळा धुरळा उडतो तो नाकात, कानात, भाकरीवर. नखं पिवळी, केस पिवळे, थुंकी पिवळी. वाफेनं भूकही मरते. या दिवसांत कोणी कमी जेवला तर कोणी विचारत नाही. काम करून माणूस जागच्या जागी आडवा झाला तरी नाही. उभा तांडा उन्हाळा तोंडावर येईपर्यंत असाच असतो, मग नहाण्यानहाण्यानं रंग उतरतो.

सिनेमानंतर पोरांना खेळच मिळाला. जो तो दुसऱ्याची पापणी ओढून बघायला लागला. "तुला रगत लागतंय, तुझा पिवळा हाय." मोठी माणसंही खेळायची. एका दुपारी आम्ही सगळे वाळवण उलटत होतो. भिया म्हाताऱ्यासारखा वाकून, काठी टेकत आला आणि याडीसमोर गुडघ्यावर बसला.

"बघ गं याडी. येळ झाली का माझी?"

याडीनं पिवळ्या हातानं त्याची पापणी खाली ओढली. मी शेजारीच होते. डोळा पिवळा होता. कोपऱ्यापासून बुबुळापर्यंत, सगळा.

सगळे हसले. तोही हसला. याडी म्हणाली, "हळद गेलीय डोळ्यात. जा, पाणी मार."

त्यानं हौदावर जाऊन पाणी मारलं आणि परत कामाला लागला. भाकर त्यानं अर्धीच खाल्ली होती. झोपायचा फार, त्यावरून मी त्याला टोमणेही मारायची. आठवडा असाच गेला असेल. डोळा रोज कोणी ना कोणी ओढून बघत होतं आणि रोज पिवळा निघत होता, आणि रोज हसू येत होतं. आमच्यातल्या एकालाही शंका आली नाही. दुसऱ्या कुठल्याही गावात पोरगं इतकं पिवळं झालं असतं तर पहिल्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं. आमच्याकडं सगळेच पिवळे होते.

मग एका सकाळी ढोल फिरवताना त्याचा हात दांडीवरून सुटला. तो खाली बसला आणि मला म्हणाला, "बाई, टीव्ही बंद कर. लाईट जाईल." टीव्ही घरात गोधडीत बांधलेला होता. मी म्हणाले, बंदच आहे. तो म्हणाला, "न्हाई, चालू हाय, ती बाई हात वर करून राहिली." मग तो काहीबाही बोलत राहिला. नाईकानं जीप आणली.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्यानं भियाचं तोंड खिडकीकडं वळवलं आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली. मला वाटलं, यानं पण तो सिनेमा बघितलाय.

"हे कधीपासून आहे?" त्यानं विचारलं.

याडी म्हणाली, "हळद हाय साहेब ती."

डॉक्टरनं तिच्या हातांकडं बघितलं. मग माझ्या. मग नर्सला हाक मारून तो बाहेर गेला. परत आला तेव्हा त्यानं सांगितलं की कावीळ आहे, डोक्यात चढली आहे, लिव्हर काम करत नाही. आधी आणायला पाहिजे होतं.

भिया शुद्धीवर आला नाही. मी खाटेशी बसून होते. त्यानं रक्त मागितलं असतं तर मी दिलं असतं, मला हे ठाऊक होतं, पण त्यानं मागितलंच नाही आणि डॉक्टरनंही. त्याला रक्ताची गरज नव्हती. तिसऱ्याच कशाची तरी होती, जी कोणाकडंच नव्हती. तो दुपारी गेला.

मला काही वाटलं नाही. लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, धक्का बसला असेल. धक्का बसला की कळतं ना? मला जीपमध्ये एकच विचार होता की वाळवण उलटायचं राहिलंय, खालच्या बाजूनं काळं पडेल. आणि घरी पोचल्यावर, बाया रडत होत्या तेव्हा, मी जाऊन ते उलटलं. कोणी तरी म्हणालं, "दगड हाय पोरगी." मला त्याचाही राग आला नाही. भियाला शेवटची आंघोळ घालताना पाणी पिवळं वाहत होतं. त्याचं अंग पिवळं, घालणाऱ्यांचे हात पिवळे. पाण्यात कोणाचं काय उतरलं ते कळत नव्हतं. मी बघत उभी होते, टीव्हीत बघतात तशी.

त्या वर्षीची हळद चांगल्या भावानं गेली. पुढं आम्ही ती लावली नाही. याडीनं शेतात सोयाबीन टाकलं आणि एक नवी सवय धरली. रोज सकाळी मला दारात उजेडाला उभं करायचं आणि अंगठ्यानं पापणी ओढून डोळा बघायचा. डी.एड.ला निघाले तेव्हा बघितला. लग्नात, अंगाला हळद लागायच्या आधी बघितला आणि चांगलं धुऊन झाल्यावर परत बघितला. सासरचे हसले. सोनेरी काठाच्या शालूत मी पापणी ओढून घेत उभी. भियाबद्दल ती एक शब्द बोलायची नाही. त्या दुपारबद्दल तर नाहीच. मीही नाही.

मी हिंगोलीत शाळेवर लागले. दोन हजार सालानंतर याडी माझ्याकडंच आली राहायला. माझ्या पोराचेही डोळे ती बघायची. मग तिचेच गेले. काचबिंदू होता, कळला तेव्हा उशीर झाला होता. ऑपरेशन झालं, पण उजेड परत आला नाही. त्यानंतर तिनं पापण्या बघणं सोडलं.

एका रविवारी पोरानं भाड्यानं डीव्हीडी आणली. एकीतच तीन सिनेमे, त्यातला दुसरा लागला आणि मी हातातली भाजी खाली ठेवली. तेच तळं. तीच खानावळ. याडी पलंगावर बसून नुसती ऐकत होती. कपाचा आवाज आला तशी ती म्हणाली, "ह्यो तोच हाय."

"व्हय," मी म्हणाले.

बायको अंथरुणाला खिळली. तिनं हात वर केला. माझ्या कानात बँड वाजायला लागला, पण पडद्यावर बँड आला नाही. सिनेमा पुढं चालू राहिला. बायको मेली. म्हातारा लोकांकडं मागत फिरला, कोणी दिलं नाही. तो मेलाही नाही. घोडागाड्या गेल्या, मोटारी आल्या, तळं आटलं. शेवटी तो खिडकीशी आरसा घेऊन उभा राहिला आणि त्यानं स्वतःच्याच अंगठ्यानं स्वतःची पापणी खाली ओढली. डोळा पिवळा. बघत राहिला. संपलं.

"एवढंच?" पोरगं म्हणालं आणि खेळायला निघून गेलं.

याडीनं विचारलं, "काय झालं? मेला का?"

"न्हाई."

"मग?"

"एकटा हाय. स्वतःच स्वतःचा डोळा बघून राहिलाय."

तिनं पलंगावरून पाय खाली सोडले. मग म्हणाली, "इकडं ये." मी तिच्यासमोर खाली बसले. तिनं चाचपडत माझा गाल शोधला, माझं तोंड खिडकीकडं वळवलं, म्हणजे तिला जिकडं खिडकी वाटत होती तिकडं, आणि अंगठ्यानं माझी पापणी ओढली. तिचा अंगठा आता पिवळा नव्हता. ती न दिसणाऱ्या डोळ्यांनी बघत होती.

"त्याचा पिवळा होता," ती म्हणाली. "मी बघितला होता. मला दिसला होता, बाई."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"हळद होती ती, याडी," मी म्हणाले.

ती अंगठा तसाच ठेवून बसली. नंतर म्हणाली, "मग जा, पाणी मार."

मी उठले आणि मोरीत जाऊन डोळ्यांवर पाणी मारून आले.