जसोदाबाईची आखाजी

चुडामण कापसाच्या गाडीवरून पडला आणि कमरेखालचं अंग मेलं. त्या सालापासून जसोदाबाई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके खेळायला माहेरी गेली नाही. माहेर तापीपलीकडे, वाट काही लांब नव्हती. पण नवऱ्याला कुशीवर वळवणं, धुणं-पुसणं कोणावर टाकून जाणार?

शेजारच्या भिंतीआड चुलत दीर लोटन. पासष्टच्या लढाईत त्याचे दोन्ही हात गेले. त्याला पेन्शन लागली, आणि त्याची सेवा करणाऱ्याचे म्हणून सरकारनं वेगळे पैसे दिले. ते त्याच्या बायकोच्या, शोभाबाईच्या पदरात पडत. पोस्टमनची घंटा वाजली की जसोदाबाई भांडी आपटायची. तीच घाण, तेच रात्रीचं उठणं. तिच्या हातांना सरकार ओळखतं, माझ्या नाही.

एकदा ती शहाद्याला कचेरीत गेली.

"नवरा कुठल्या लढाईत होता?" कारकुनानं विचारलं.

"कापूसनी गाडीवर व्हता."

"मग तुमच्यासाठी काही नाही, बाई."

आखाजी जवळ आली आणि शोभाबाई नोटा घेऊन दारात उभी राहिली. "बाई, माले माहेर जानं शे. त्यासले तुम्ही जेवाडा. ह्या पैसा ल्या."

जसोदाबाईनं नोटा परत सारल्या. हिनं झोक्यावर बसायचं आणि मी हिच्या नवऱ्याला भरवायचं!

"पैसा नको माले. दिन दे. तू आधी जाय, मंग मी जास. मन्हा मानूसनं तू करजो."

शोभाबाईनं जीभ चावली. "आवं बाई, त्या जेठ शेतस ना!"

खरंच होतं. धाकट्या दिराला भरवलं तर चालतं. पण जेठ म्हणजे थोरला दीर, त्याच्यासमोर तोंडसुद्धा दाखवायचं नाही.

"मंग सरकारले सांग, तुन्हा झोका आठेच बांधी दे!"

आतून चुडामण ओरडला, "पोरी, तू पदर वढी ले, मी डोया मिची लिसू. कोन कोनले दखस?"

दोघी हसल्या. शोभाबाई जाऊन परत आली, तेव्हा तिनं नाकापर्यंत पदर ओढला आणि जसोदाबाईला जाऊ दिलं.

माहेरच्या निंबाला झोका होता, बायका गात होत्या. जसोदाबाई उंच गेली, तापीचं पाणी दिसलं. आणि तिथंच तिला वाटलं, शोभाच्या हातची भाकर चुडामणला गोड लागली तर? तिनं पाठीला तेल लावलं आणि तो निवांत झोपला तर?

सया म्हणाल्या, "आजून एक दिन ऱ्हाय ना."

ती झोक्यावरून उतरली आणि गाठोडं बांधू लागली.