टाकीला चिकटून

पन्नाशी उलटल्यावर मी मोटरसायकल शिकलो आणि अंगातला एकही सांधा गप्प बसेना. फूलबागेजवळ चहाला थांबलो की आधी कंबर धरायचो. तिथंच ते गृहस्थ रोज दिसायचे. माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच नवशिके. गाडीवरून उतरले की दोन्ही हात कमरेवर ठेवून आभाळाकडे बघत उभे राहायचे. या हिंदी मुलखात तेही मराठी आहेत हे कळल्यावर बोलणं सुरू झालं, नाव विचारायचं मात्र राहून गेलं.

त्यांच्या दुखण्याचं कारण मला लांबूनच दिसायचं. एवढी लांब सीट, पण हे आपले टाकीला चिकटून, पाय आखडून बसायचे. एकदा राहवलं नाही. म्हटलं, "अहो, जरा मागे सरकून बसत जा. कमर कामातून जाईल अशानं."

ते हसले. "शहराच्या त्या टोकाला, मुरारला, दवाखान्यात न्यायचो ना बायकोला. ऑटोवाले खड्डे बघत नाहीत, तिला सोसायचं नाही. म्हणून तर शिकलो ही गाडी. मागे तिला ऐसपैस जागा लागायची."

"आता बऱ्या आहेत ना?"

"गेली. दिवाळीआधीच."

त्यांनी चहा संपवला, मागची सीट रुमालानं पुसली आणि गाडीवर बसून टाकीपर्यंत पुढे सरकले.

"बसलीस नीट?" सवयीनं तोंडातून गेलं असावं. क्षणभर थांबले, आणि मगच त्यांनी अगदी हळू क्लच सोडला.