‘सूट’ म्हणायचं राहिलं
गुऱ्हाळाचा धूर आला की मला अशाच ऊस गाळायच्या दिवसांत झालेली वरवंडची पळण्याची शर्यत आठवते. तेव्हा मांडवगणला कालव्याकडेच्या रस्त्यावर मी हौसेनं मुलींना पळायला शिकवायचे. नियम माझाच होता, मी ‘सूट’ ओरडेपर्यंत दमानं पळायचं, मग जीव तोडून. शर्यतीत आमची सगळ्यांत चपळ पोरगी शेवटच्या फेरीला आली, तेव्हा मी पाहुण्यांबरोबर फोटो काढत होते. ती दमानंच पळत राहिली आणि चौथी आली. “काय झालं वो मॅडम?” तिच्या वडिलांनी विचारलं. “पोरीत दमच नाही,” मी म्हणाले. ते पुढं गेल्यावर ती हळूच म्हणाली, “तुम्ही सूट म्हणालाच न्हाई.” वडिलांनी तिला पुन्हा पाठवलं नाही. त्यांना मी खरं कधीच सांगितलं नाही. ते अजून वाटेत थांबून मला नमस्कार करतात.