साडेसातच्या दोन सह्या

सोमवार, अकरा फेब्रुवारी २०१३. सकाळचे सात वाजून बत्तीस मिनिटं झाली होती आणि अंजना एका हातात गाईचं दावं धरून दुसऱ्या हाताने रजिस्टर लिहीत होती. पालीच्या चारा छावणीत जनावरांची हजेरी साडेसातला होते. कानातला बिल्ला बघायचा, आकडा लिहायचा आणि ज्याच्या नावाचं कार्ड तोच माणूस दाव्यापाशी उभा आहे, याची खात्री करायची. माणूस नसेल तर जनावर गैरहजर. गैरहजर जनावराला त्या दिवशी चाऱ्याला उसाचं वाढं नाही.

रजिस्टर खरं तर रामकिसनभाऊंनी लिहायचं. पण त्यांचं अक्षर तहसीलच्या तपासणी पथकाला लागत नाही, म्हणून लिहायचं अंजनाने आणि खाली सही करायची भाऊंनी, वेळेसकट.

छावणी चेअरमन विठ्ठलरावांच्या संस्थेची. दूध संघ त्यांचाच, बीडमधलं कॉलेजही त्यांचंच. तिन्हीकडे कारकून म्हणून रामकिसनभाऊच. सहकार म्हणतात तो हाच असावा.

अंजना त्याच कॉलेजात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. फाटकावर संगमरवरी पाटी आहे : ‘ग्रामीण विद्यार्थ्यांच्या दारी ज्ञानगंगा’. पाटीखालचा नळ मार्गशीर्षापासून कोरडा आहे. जुलैत पहिल्या दिवशी ती नवी वही घेऊन पहिल्या बाकावर बसली, तेव्हा राज्यशास्त्राचे सुंदरराव सर दचकले. “तुला कुणी पाठवलं?” त्यांनी विचारलं. वर्गाच्या पटावर एकशे वीस नावं आणि बाकांवर अकरा माणसं. ग्रंथालयाची किल्ली ग्रंथपालाकडे असे आणि ग्रंथपाल दूध संघात. चार महिन्यांत अंजनाला कॉलेजची रीत कळली. यायला कुणाची ना नाही, फक्त तशी कुणाची अपेक्षा नाही. ती येत राहिली.

संक्रांत झाली आणि आईवडील मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेले. छावणीत मेंढरांना जागा नाही. दोन बैल आणि एक गाय मागे राहिली, कार्डावर नाव अंजनाचं लागलं. दुपारी शेजारच्या दावणीची बायनाबाई जनावरांकडे बघते, पण हजेरीला बायनाबाई चालत नाही. राज्यशास्त्राचा पहिला तास साडेसातलाच. तो रोज बुडू लागला.

त्या सोमवारी साडेनऊला ती कॉलेजात पोचली, तेव्हा फलकावर एक यादी होती. हजेरी कमी असल्याने परीक्षा अर्ज रोखलेले विद्यार्थी. यादीत नाव एकच होतं, तिचं.

रामकिसनभाऊ नुकतेच मोटारसायकलवरून येऊन कार्यालयात चहा घेत होते.

“भाऊ, एकशे वीसमधी मी एकटीच कशी?”

“अगं, जे येतच न्हाईत त्यांची आमी महिन्याच्या शेवटी एकदम लावून टाकतो. पूर्ण.” भाऊंनी बशीत चहा ओतला. “तू येतीस. मंग तुजी रोजची लावावी लागती.”

“म्हंजी मी आलेच नसते तर?”

“तर लई चांगलं झालं असतं.”

अंजनाने हजेरीपट मागितला. भाऊंनी कौतुकाने पुढे सरकवला. सुंदरराव सर दूध संघाच्या निवडणुकीत गुंतलेले, म्हणून पहिल्या तासाची हजेरी भाऊंकडे. सत्राचे तास नव्वद. झालेले अडुसष्ट, तिचे भरलेले सेहेचाळीस. उरलेले बावीस सगळे भरले तर अडुसष्ट होत होते, म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांना पुरून अर्धा तास वर. एक जरी बुडाला तर वर्ष गेलं.

“मागचे बावीस हजर लावून देऊ का?” भाऊ उदार झाले. “आपल्याच छावणीची हायस.”

“मंग छावणीच्या रजिस्टरात मी खोटी. गुरुवारी पथक येणार हाय. जनावरांचा चारा बंद करतील.” तिने पान उलटलं. “भाऊ, आज साडेसातला तुमी कुटं होता?”

“छावणीवर. तूच तर होतीस संगं.”

“मंग इथं साडेसातला मला गैरहजर कुणी लावलं? सही तुमचीच हाय. वेळ बी टाकलीय.”

भाऊंनी बशी खाली ठेवली. पान बघितलं. मागचं बघितलं. त्याच्या मागचंही.

“हे कुणाला सांगितलंस?”

“न्हाई. तिकडचं अक्षर माजं हाय, म्हनून ध्यानात आलं.”

“कावून एवढं ध्यानात ठिवतीस?” भाऊंनी दार लोटून घेतलं. “तुला पायजे काय?”

“छावणीची हजेरी साडेसहाला घ्या.”

“साडेसहाला? अंधार असतो, पोरी!”

“बिल्ल्याचा आकडा बॅटरीत दिसतो.”

“अन् चेअरमनसाहेबांना काय सांगू?”

“सांगा, जनावरांची शिस्त वाढवली.”

कपाळ खाजवत भाऊंनी कोरा कागद ओढला आणि नोटीस लिहायला घेतली. दोन ओळी झाल्यावर थांबले आणि पेन तिच्याकडे सरकवलं. “तूच लिही. माजं अक्षर कुणाला लागत न्हाई.”

तिने लिहिली. त्यांनी सही केली, आणि या वेळी घड्याळ बघून वेळ टाकली.

उद्या, मंगळवारी, पालीच्या छावणीत हजेरी सकाळी साडेसहाला आहे. नेकनूरहून बीडला जाणारी एसटी फाट्यावर सहा पंचावन्नला येते आणि सव्वासातला बीडमध्ये असते.