ट्रकच्या फिल्टरात नलूचं तेल

चहाची बशी आधी खाली ठेवा. मागे हे सांगत असताना शेजारच्या सखूआत्यांच्या नाकात चहा गेला होता, आणि त्याचाही दोष माझ्याच माथी आला. मी सातवी पास आहे, गणितात वर्गात पहिली होते. हे मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही.

गेल्या माघातली गोष्ट. आम्हाला कोरेगावाकडून चिंचवडला येऊन जेमतेम महिना होत आला होता. पिंपरीच्या माळावर कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, आणि ह्यांना तिथे खडी वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हरची नोकरी लागली होती. लागली म्हणजे काय, महिन्याच्या बोलीवर. महिनाभर ट्रक नीट चालवला तर कायम, बिघडवला तर गावाकडे परत. कंत्राटदार शेठ तसं तोंडावर बोलले होते. आधीच्या ड्रायव्हरने फिल्टर साफ करायचा आळस केला आणि धुळीने इंजिन खलास झालं, म्हणून शेठचं सगळं लक्ष ह्या एकाच गोष्टीवर.

महिना भरायला चार दिवस उरले होते. परत जायचं म्हणजे नलूला काखेत घेऊन थोरल्या दिरांच्या दारात उभं राहायचं. मला घास गोड लागत नव्हता.

नलू माझी मुलगी, पाच महिन्यांची. तिच्या छातीत जरा घरघर वाजली की मी हातातलं टाकून धावायचे. दिवसातून दहा वेळा मी तिच्या छातीला कान लावायचे. ह्यांचं म्हणणं, "सर्दीने पोरीला काही होणार नाही. तुझ्या थंडगार कानानेच एखादे दिवशी पडसं येईल तिला."

दर रविवारी ट्रक आमच्या खोल्यांच्या ओळीसमोर उभा असायचा, आणि हे त्याचा हवेचा फिल्टर काढून मागच्या पडवीत घेऊन बसायचे. पत्र्याचा जाडजूड गोल डबा. तळाला तेलाची वाटी, तिच्यावर बसणारी तारांची दाट जाळी, अगदी भांडी घासायच्या काथ्यासारखी गुंतलेली, आणि वर झाकण.

"हे कशाला हो?" मी पहिल्या रविवारी विचारलं होतं.

"इंजिनाचं नाक समज. इंजिन ह्यातनं श्वास घेतं. धूळ खाली तेलात बसते, राहिलेली जाळीत अडकते, आणि चांगली हवा तेवढी आत जाते. तेल नसलं तर धूळ सरळ इंजिनाच्या छातीत."

छातीत म्हटल्याबरोबर मला सगळं समजलं. त्या दिवसापासून मला ट्रकची काळजी वाटायला लागली. एक जीव होता, दोन झाले.

काम काही अवघड नव्हतं. वाटीतलं जुनं तेल ओतायचं, तळाचा बोटभर चिखल खरवडायचा, वाटी पुसायची. जाळी रॉकेलमध्ये खळबळून धुवायची आणि निथळत ठेवायची. मग वाटीत नवं तेल, आतल्या रेघेपर्यंत.

"रेघेपर्यंतच," हे दर वेळी म्हणायचे. "वर एक थेंब नको."

त्या रविवारी ह्यांनी वाटी भरली, जाळी निथळायला टोपलीवर पालथी घातली आणि हजामत करायला गेले. वाटी भरताना नव्या तेलाचा डबा संपला होता. नवा डबा सोमवारी कामावर मिळायचा. मी एका काखेत नलू, दुसऱ्या हातात तिच्या ओल्या दुपट्यांची बादली, अशी पडवीत आले. पायाला काहीतरी लागलं. खाली बघते तर वाटी आडवी, आणि माझी सकाळी सारवलेली जमीन तेल पिऊन गप्प बसलेली.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याला सांगायचं ना. सांगायलाच हवं होतं. पण आमचे हे ओरडणारे नाहीत. ओरडले असते तर बरं, लवकर मोकळं होता आलं असतं. हे गप्प बसतात. चार दिवसांवर निकाल आलेला असताना ते गप्प बसणं मला झेपलं नसतं.

इकडेतिकडे बघितलं, तर फळीवर आईने गावाहून पाठवलेली नलूची तेलाची बाटली. तिळाचं तेल, त्यात लसूण, ओवा आणि वेखंड कढवलेलं. रंग अगदी त्या नव्या तेलासारखा सोनेरी. आणि मला वाटलं, जे तेल नलूच्या छातीची घरघर एका रात्रीत घालवतं, ते ट्रकच्या छातीला काय वाईट? उलट जास्तच मानवेल.

ओतलं. रेघेपर्यंत आलं. बाटलीत थोडं उरलं होतं. आता माझा हात म्हणजे कसा, ह्यांनी ताटावर आडवा हात धरला तरी त्यावरून भात वाढणारा. उरलेलं तरी कशाला ठेवा, म्हणून तेही ओतलं. रेघ दिसेनाशी झाली.

हे आले, जाळी बसवली, झाकण लावलं, फिल्टर ट्रकला जोडला. वास नाही आला त्यांना? कसा येणार? पाच महिने आमच्या गोधड्यांना, उशांना, ह्यांच्या सदऱ्यालासुद्धा तोच वास. त्यांच्या नाकाला जगाचा वासच तो झाला होता.

सोमवारी सकाळी ट्रक सुरू झाला, दोनदा खोकला आणि मागून पांढरा धूर सोडत निघून गेला. सखूआत्या अंगण झाडत होत्या. हातातला झाडू तसाच धरून त्यांनी नाक वर केलं.

"आगं, कुनाच्या घरी बाळंतीण आली? शेक-धुरीचा वास सुटलाय. आन् मला न्हाई सांगितलं कुनी ते."

मी नलूला दुपट्यात गुंडाळलं आणि सडकेवरच्या चिंचेखाली दस्तगीरचाचांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे धावत गेले. चाचा ट्रकखाली झोपून काम करत होते. मी त्यांच्या पायांशीच सगळं सांगून टाकलं.

पाय हलायचे थांबले. चाचा बाहेर आले.

"लसूनभी, बेटी?"

"चार पाकळ्या."

"और डाला कितना?"

"सगळी बाटली."

"रेघ?"

"रेघ खाली राहिली, चाचा."

चाचांनी पिशवीत नट फिरवायचे पाने टाकले, इंजिनाच्या तेलाची एक बाटली घेतली, सडकेवरून जाणारा टांगा अडवला आणि आम्हाला त्यात बसवलं. वाटेत म्हणाले, "घाबरू नको. माझ्या दुकानात लोकांनी गाडीला काय काय पाजलेलं मी बघितलंय. पन लसून-ओवा पहिलाच."

माळावर पोचलो तर ट्रक मधोमध उभा, इंजिन बंद, धूर अजून तरंगतोय आणि भोवती घोळका. खडीची घमेली डोक्यावर घेतलेल्या बाया एकमेकींना विचारतायत, इथं कुणाचं पोर शेकतायत. हे खाली मान घालून उभे, आणि समोर शेठ.

"तुला बजावलं होतं की नाही? इंजिन जाळलंस."

"शेठ, कालच फिल्टर साफ केलाय. इथे पोचल्यावर मागचा धूर दिसला, तसा लगेच बंद केला."

"साफ करून असा धूर येतो?"

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढे झाले. नलू काखेत असली की मला पळून जाता येत नाही. "शेठ, ह्यांची काही चूक नाही. तेल माझ्याकडून सांडलं. मी बाळाचं घातलं."

हे माझ्याकडे बघत राहिले. चाचांनी तेवढ्यात फिल्टर काढून उघडलाही होता.

"इंजिन सलामत आहे, शेठ," ते म्हणाले. "तेल रेघेच्या वर होतं, ते इंजिनानं ओढलं, त्याचा हा धूर. ड्रायव्हरनं वेळेत बंद केलं, म्हनून वाचलं." मग वाटी शेठच्या पुढे धरली. तळाला धूळ बसायला लागली होती. "ही बघा. पोरीनं भीतीनं रिकामी वाटी ठेवली असती, तर ही सगळी आत असती आज."

शेठ वाटीवर वाकले. हुंगलं. परत हुंगलं. मला वाटलं, आता दिरांचं दार.

"ह्यात वेखंड आहे का?"

"आहे."

"किती?"

"बोटाच्या पेराएवढं."

"आमच्या नातवाची छाती पंधरा दिवस वाजतेय," शेठ म्हणाले. "सुनेला येऊन दाखवशील कसं करतात ते?" मग ह्यांच्याकडे वळले. "आणि तू काय बघतोस? दुपारची खडी कोण आणणार?"

चाचांनी जाळी रॉकेलमध्ये दोनदा धुतली, वाटी पुसली, नवं तेल ओतलं आणि रेघ मला बघायला लावली. "सातवी पास ना? वाच." तासाभरात ट्रक सुरू झाला, धुराशिवाय. चाचांनी माझ्याकडून काही घेतलं नाही. नलूच्या गालाला कोपराने हात लावला, कारण बोटं काळी होती, आणि उरलेल्या तेलाची बाटली माझ्या हातात दिली. "पुढच्या वेळी सांडलं तर हे."

चौथ्या दिवशी हे कायम झाले. चाचांचं नाव घेतलं की अजून माझे हात आपोआप जुळतात. शेठचेही उपकार मानते, आणि ह्यांचे तर फारच. त्या संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?"

"गप्प बसला असता."

थोडा वेळ ते गप्प बसले. मग दोघांनाही हसू आलं.

आता दर रविवारी फिल्टर मीच धुते. ह्यांनीच सोपवलाय. रेघेच्या वर एक थेंब जात नाही. कामावर त्या ट्रकला सगळे 'बाळंतीण' म्हणतात, तेही मी ऐकून घेते.

एकच गोष्ट मनाला लागली होती. परवा नलूला मांडीवर घेऊन नवं कढवलेलं तेल लावायला बसले, तर हे आले, माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि तिला नाक लावलं. मी फणकारले, "एवढाही विश्वास नाही? मी आई आहे तिची."

ह्यांनी ती चाचांची बाटली परत फळीवर ठेवली, आणि शेजारची, लसणाच्या वासाची, माझ्या हातात दिली.