मामीच्या कुरड्या आणि आमचा पंख

आज मी जो कोणी आहे तो माझ्या मामीमुळे, आणि एका उन्हाळ्यात मी शेजाऱ्यांच्या निंबाला लटकलो तोही मामीमुळेच. मामीचं नाव शेवंताबाई. दर्यापूरजवळच्या खेड्यात राहणाऱ्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या या बाईनं मला आईवेगळा म्हणून घरी आणलं आणि बी.एस्सी. होईपर्यंत जेवू घातलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. (दुसरा अजून व्हायचा आहे.)

पदवी मिळाली, अकोल्यात मास्तरकी मिळाली, जठारपेठेत भाड्याचं घर मिळालं, आणि सुनंदा मिळाली. सुनंदा टपाल कचेरीत. इतर जोडपी रविवारी बागेत जायची. आम्ही चिखलदऱ्याकडच्या डोंगरावर जाऊन खाली उडी मारायचो! म्हणजे पॅराग्लायडिंग. कापडाचा भलामोठा पंख, त्याला ढीगभर दोऱ्या, दोऱ्यांना पट्ट्यांच्या दोन खुर्च्या. पुढच्या खुर्चीत सुनंदा, मागच्या खुर्चीत मी. चालवायचं मी, सांगायचं तिनं. (संसारातही हीच व्यवस्था आहे.)

त्या वर्षी उन्हाळ्याला काही धरबंधच नव्हता. सकाळी ढग, दुपारी आग, संध्याकाळी गारा. मी पहाटे उठून वारा मोजायच्या यंत्राकडे बघायचो आणि सुनंदा निंबाच्या पानांकडे.

"आज मस्त उडता येईल," मी म्हणायचो.

"आज पाऊस येईल," सुनंदा म्हणायची.

मग आम्ही एवढं अंतर कापून डोंगरावर जायचो, आणि पावसात भिजून परत यायचो.

क्वचित उडालोच, तर कुठे उतरू याचा नेम नसे. एकदा वारा फिरला आणि आम्ही एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, मोकळ्या वावरात धपकन उतरलो. शेतकरी धावत आला. पाठोपाठ अर्धं गाव. ती वर्षं शेतकऱ्याला फार वाईट गेली होती आणि नुकतीच गारपीटही झाली होती.

"नुकसानीच्या पाहनीले आले काय साहेब?" त्यानं हात जोडून विचारलं. "हेलिकॉप्टरनं येनार म्हनत होते, तुमी छत्रीनंच आले!"

"नाही हो, आम्ही सहज उडत होतो."

त्यानं जोडलेले हात सोडले. "सहज?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या भल्या माणसानं सुनंदाला खाटेवर बसवलं, चहा पाजला आणि पंखाची घडी घालायला चार माणसं दिली. जाताना म्हणाला, "या परत. पन सांगून या. घाबरते मानूस."

तर अशा त्या उन्हाळ्यात मामी आमच्याकडे आली. मामेबहिणीचं, आमच्या वंदूचं, लग्न ठरलं होतं. लग्न साधंच करायचं होतं. पीकपाण्याची अवस्था बघता दुसरं काही करताही येत नव्हतं. पण रुखवत, म्हणजे लेकीच्या लग्नात मांडायचा घरच्या पदार्थांचा थाट, तो मात्र भरगच्च हवा, हा मामीचा हट्ट.

"मांडव लहान असला तं चालते," मामी म्हणाली, "पन रुखवत पाहून व्याहीनबाईनं तोंडात बोट घातलं पायजे."

रुखवताचा राजा म्हणजे कुरड्या. आणि कुरड्यांना ऊन लागतं ते अकोल्याचं, असं मामीचं ठाम मत. शिवाय तिच्या घरावर टिनं आणि आमच्या घरावर सिमेंटची गच्ची. म्हणून मामी भिजवलेल्या गव्हासकट आमच्या दारात हजर. गहू वाटून झाले, चीक निघाला, आणि नेमकं आदल्या रात्री वळीव येऊन वाळवणासाठी आणलेली सगळी लुगडी चिंब.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी शाळेतून आलो. गच्चीत पाय ठेवला आणि जिन्यातच बसलो. आमचा पंख, जो आम्ही तळहाताच्या फोडासारखा जपत होतो, ज्याला सुनंदा नखसुद्धा लागू द्यायची नाही, तो गच्चीभर पसरला होता. चारी कोपऱ्यांवर विटा. आणि त्यावर ओळीनं, गोल गोल, शुभ्र कुरड्या!

"कपाटात होतं पाय हे कापड," मामी हरखून म्हणाली. "काय गुनाचं हाय रे! काई चिकटतच नाई याले. कुठून आनलं?"

ज्या बाईनं मला वर्षानुवर्षं गरम भाकर वाढली, तिला "कुरड्या उचला" कसं म्हणायचं? मी खाली येऊन टपाल कचेरीत फोन लावला.

"सुनंदा, आपला पंख गच्चीवर आहे."

"वाळत घातला?"

"नाही. त्याच्यावर कुरड्या वाळत घातल्यात."

पलीकडे बराच वेळ नुसते शिक्के मारल्याचे आवाज.

"काढ आधी!"

"मामीनं घातल्यात."

पुन्हा शिक्के. मग खोल आवाज आला, "मग राहू दे. पण वाऱ्याकडे लक्ष ठेव."

लक्ष ठेवायचं म्हणजे शास्त्रशुद्ध ठेवायचं. मी विज्ञानाचा पदवीधर! विटांवर माझा विश्वास नव्हता. मी पंखाच्या सगळ्या दोऱ्या सोडवल्या, खुर्चीला जोडल्या, आणि खुर्चीचे पट्टे स्वतःला बांधून मधोमध बसलो. म्हणजे वारा आलाच तर माझ्या वजनानं पंख जागच्या जागी राहील. डोक्यावर हेल्मेटही घातलं.

मामी वर आली. "हे काय सोंग रे दिलीप?"

"मामी, कुरड्यांची सुरक्षा."

"अन् टोपलं काहून घातलं डोक्यावर?"

"माझी सुरक्षा."

"बस बापा," म्हणून मामी सुपारी कातरायला निघून गेली.

आता यात एक बारीकशी चूक होती. तो पंख दोघांना उचलणारा. एकटा मी म्हणजे त्याला नाश्ता! शिवाय दुपारी मामीनं आमरस वाढला होता, आणि मामी वाढताना 'पुरे' हा शब्द तिला ऐकू येत नाही. ऊन, आमरस आणि हेल्मेट. मला झोप लागली.

जागा झालो तो विटा घरंगळल्याच्या आवाजानं. रस्त्यावरून धुळीचा भोवरा गरगरत आमच्या भिंतीवर आला होता. पंखानं एकदा पोट फुगवलं, मग छाती फुगवली, आणि अकोल्याच्या आकाशात कुरड्यांसकट उभा राहिला! मी वर पाहतो तर माझ्यावर कुरड्यांचा पाऊस. पुढच्या क्षणी मी बसल्या जागेवरून घसरत निघालो. पाण्याची टाकी गेली, तुळस गेली, कठडा आला आणि तोही गेला!

"माय वो!" मामीची किंकाळी ऐकू आली. "कुरोड्या सांभाळ रे!"

मग थोडं थांबून, "अन् पडू नको!"

शेजारी रशीदचाचांचं रजयांचं दुकान आणि मागे अंगण. अंगणात निंब. पंख निंबात अडकला आणि मी खाली लोंबकळलो. डोळे गच्च मिटून मी जीव खाऊन ओरडू लागलो, "वाचवा! शिडी आणा!"

चाचांची बायको नूरजहाँबी हातातलं काम टाकून बाहेर आल्या. "मास्टर," त्या शांतपणे म्हणाल्या, "पाँव सीधे करो."

मी पाय सरळ केले. पाय जमिनीला लागले.

तेवढ्यात टपोरे थेंब आले. पट्टे सोडायला कोणी येईल म्हणून मी आशेनं पाहिलं, तर नूरजहाँबी पदर खोचत म्हणाल्या, "आप लटके रहो, पहले कुरडई उठाते हम!" आणि अख्खी गल्ली परात, सूप, टोपली, मिळेल ते घेऊन कुरड्या वेचायला धावली. वारा सुटलेला पाहून सुनंदा टपाल कचेरीतून धापा टाकत आली. तिनं आधी पंख पाहिला, मग कुरड्या, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वाऱ्याकडे लक्ष होतं ना?"

पंखाला फक्त एक भोक पडलं. एखाददुसरी सोडता कुरड्यांचा मात्र चुरा झाला होता.

मामी चुऱ्याच्या परातीपुढे बसली. मला वाटलं, जन्मभर जिचं खाल्लं तिच्याच लेकीच्या लग्नात मी माती कालवली. मी जवळ जाऊन बसलो.

"तुले लागलं तं नाई?" मामीनं विचारलं.

"नाही."

"मंग झालं." आणि ती परत चुऱ्याकडे पाहत बसली.

पुढचे दिवस आभाळ उघडेचना. नव्या कुरड्या होणं शक्य नव्हतं, आणि लग्न तोंडावर आलेलं. नूरजहाँबी आपल्या हातच्या शेवयांचा डबा घेऊन आल्या. मामी अवघडली. "बाई, राग नका धरू. पन रुखवत घरचंच लागते."

"तो मैं क्या बाहर की हूँ?" नूरजहाँबी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

मामीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि डबा घेतला. चुऱ्याची परातही फडक्यात बांधून घेतली. "याचं काय करणार मामी?" मी विचारलं. "पाहू," एवढं बोलून ती दर्यापूरच्या गाडीत बसली.

लग्न झालं. परत आल्यावर मी मामीला पत्र लिहिलं. तेच खाली देतो.

"ती. मामीस सा. न.

हे पत्र मामा तुम्हाला वाचून दाखवतील. लाजून एखादं वाक्य गाळतील, तर पुन्हा वाचायला लावा.

मामी, रुखवताची खोली उघडली आणि मी दारातच थांबलो. चुऱ्याचा एवढा मोठा पंख! त्याला नूरजहाँबींच्या शेवयांच्या दोऱ्या, आणि खाली उडणारं जोडपं! व्याहीणबाई तिथून हलत नव्हत्या. त्यांनी खरोखर तोंडात बोट घातलं, मी पाहिलं. मी नासवलेलं तुम्ही मांडवात मानानं मांडलंत. शिकलो मी, पण हे मला करता आलं नसतं. तुम्ही मला वाढवलंत तेही असंच. जे हाती आलं त्यातून. नूरजहाँबींना सगळं सांगितलं. त्या रडल्या आणि मग मला हसल्या.

एक विचारायचं राहिलं. नवरदेवाचे काका मला रुखवतापाशी भेटले. मी अभिमानानं सांगितलं, 'ही पुढची सुबक कुरडई म्हणजे माझी बायको, आणि तिच्या मागे लटकलेला तो मी.' त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाले, 'असं काय? मले वाटलं मुंगाच्या डाळीची वडी, मुंगवडी हाय.'

सुनंदा म्हणते, चेहरा तंतोतंत जमलाय. पण मामी, तुम्ही खोटं बोलत नाही. खरं सांगा, ती मुंगवडीच होती ना?

तुमचा,
दिलीप"