पानाची पाठ बघणाऱ्या वानखेडे सिस्टर

वानखेडे सिस्टर कुणाच्याही घरात शिरल्या की आधी माणसांकडे बघतच नसत. चप्पल काढायची आणि थेट कोपऱ्यातली कुंडी गाठायची. वाकून एक पान उलटं करायचं, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि मग विचारायचं, "बरं आहे ना?" प्रश्न आपल्याला आहे की झाडाला, हे कळायला आमच्या सोसायटीला बराच काळ लागला. "पानाची पाठ बघावी जी," त्या म्हणत. "तोंड सगळ्यांचंच चांगलं असते."

अमरावतीकडच्या सरकारी इस्पितळातून त्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. मुलानं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी धरली, विश्रांतवाडीत आमच्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि आईला आणलं. ते दिवसच असे होते की घराघरात नवा सोफा, नवा टीव्ही आणि नवं झाड येई. सोफा टिके. झाड मान टाके. सिस्टरना आयता वॉर्ड मिळाला.

आणि काय एकेक केस! देशपांडेबाई पानं चकाकावीत म्हणून मनीप्लांटला खोबरेल चोळत. "तेल डोक्याला लावा, त्याला श्वास घेऊ द्या," म्हणत सिस्टरनी ओल्या फडक्यानं पान न् पान पुसलं. एसीच्या झोताखालच्या पामवर बारीक जाळी दिसली, लाल कोळी निघाले, पामची रवानगी न्हाणीघरात, फवाऱ्याखाली. कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला की त्या स्पिरिटचा बोळा असा काही टेकवत, की माझाच दंड आखडे. मी त्यांचा ट्रे धरणारा. नेमणूक कुणी केली नव्हती. मजा इतकी यायची की मीच चिकटलो होतो.

खरा थरार लेल्यांकडचा. लेले माझ्या वरच्या मजल्यावर राहत, बँकेत होते. बायको माधुरी कंपनीच्या कामासाठी शिकागोला. जाताना तिनं त्यांच्यावर एकच गोष्ट सोपवली होती: तिच्या बाबांनी वाढवलेलं रबराचं झाड. बाबा गेले, त्यांचं घर विकलं, मागे उरलं ते एवढंच. आता तेही पिवळं पडून पानं गाळत होतं, आणि माधुरीचं येणं महिन्यावर आलं होतं.

लेल्यांनी दार अर्धंच उघडलं. "आपल्याला बोलावल्याचं आठवत नाही."

"पेशंट बोलावत नसतो, लेलेसाहेब. सरका."

सिस्टरनी मातीत बोट खुपसलं, हुंगलं. "पाणी कोण टाकते?"

"मीच. रोज सकाळी नळाला पाणी आलं की. शिस्त आहे आमच्याकडे."

"किती?"

"आदल्या दिवशीचं शिळं असतं तेवढं. कळशी, तांबे, फिल्टर. मोरीत ओतू की काय? आणि मलूल दिसतंय म्हणून हल्ली संध्याकाळीही घालतो."

सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. "तहानलेलं आणि बुडालेलं, दोन्ही मान सारखीच टाकतात जी. तुम्ही बुडालेल्याला पाणी पाजून राहिले."

डायनिंग टेबलावर वर्तमानपत्रं पसरली. कुंडी उलटी झाली. मुळं काळी, लिबलिबीत, वास गटाराचा. स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं सिस्टर कुजकं कापत गेल्या. लेले नाकाला रुमाल लावून "सांभाळून, सांभाळून" म्हणत राहिले. मोजकी पांढरी मुळं उरली. राहिलेली पानंही उतरवली, कारण एवढ्याशा मुळांना तेवढा संसार पेलणार नव्हता. मग वाळू मिसळलेली माती, तळाला भोक असलेली कुंडी आणि हुकूम: मी सांगेपर्यंत थेंब नाही.

"मग शिळ्या पाण्याचं काय करू?"

"प्या. एका रात्रीत पाणी म्हातारं होत नाही."

उरला नुसता दांडा. लेले रोज त्याच्यासमोर हात बांधून बसत. काही न करणं त्यांना फार जड जात होतं. मग एका रविवारी त्यांनी मला जिन्यात गाठलं. मांजरी गावाकडच्या नर्सरीत हुबेहूब तसंच झाड आहे, तेवढीच उंची, तुमच्या स्कूटरवर आणता येईल का? मला कल्पना झकास वाटली. किल्ली घ्यायला वळलो, तर खालच्या पायरीवर सिस्टर.

"पेशंट गेला तर नातेवाईकांना सांगावं लागते, लेलेसाहेब. शेजारच्या खाटेवरचा उचलून देत नाहीत."

"आणि ती कोसळली तर?" लेल्यांच्या आवाजातला पुणेरी कडकपणा पार गेला होता.

"पण गेला कोण म्हणते?" त्या तरातरा वर गेल्या, आम्ही मागे. दांड्याची साल त्यांनी शेंड्याजवळ नखानं खरवडली. तपकिरी. थोडी खाली. तपकिरीच. आणखी खाली, आणि हिरवी ओली रेघ उमटली, तिच्यावर पांढऱ्या चिकाचा टपोरा थेंब. लेल्यांनी चक्क माझा हात धरला.

माधुरी विमानतळावरून आली तेव्हा सिस्टर आणि मी लेल्यांच्या हॉलमध्येच होतो. सिस्टरना लेल्यांनी बोलावलं होतं. मला घरी थांबवणं कुणालाच शक्य नव्हतं. तिची नजर थेट कोपऱ्यात गेली. लेले उभे राहिले.

"मी फार पाणी घातलं. मुळं कुजली. एवढंच उरलंय. जगेल असं सिस्टर म्हणतात, पण खात्री देत नाहीत."

एकही टोमणा नाही, एकही सबब नाही. माधुरी खांद्यावरची बॅग न काढताच झाडापाशी बसली. दांड्याच्या बगलेत तांदळाच्या दाण्याएवढा तांबूस कोंब फुटला होता. तिनं त्याला हात लावला नाही.

"विमानात मला एकच भीती वाटत होती," कोंबाकडे बघतच ती म्हणाली. "तू दुसरं आणून ठेवशील, आणि मला ते ओळखू येणार नाही."

लेले छताकडे बघू लागले. मी माझ्या चपला शोधू लागलो. सिस्टर उठल्या, माझा दंड धरला आणि दाराकडे वळल्या.

"चला," म्हणाल्या. "बाहेरच्यांची भेटायची वेळ संपली."